टिगचे हातमोजे: दोन हातांची दोन कामं

सांगली जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत दूध डेअऱ्यांसाठी स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपलाइन बनवणारा कारखाना आहे. आर्गॉनवर, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशात टंगस्टनच्या टोकाने करायच्या टिग वेल्डिंगवर, बसणारे सात-आठ वेल्डर, बाकी फिटर, बफिंगवाले, हेल्पर. मालकांनी मला बोलावलं ते रिवर्क वाढलं म्हणून. टाकीच्या आतल्या बाजूचे जॉइंट तपासणीत नापास होत होते. कुठे टंगस्टन टच झाल्याची, म्हणजे ते टोक धातूला टेकल्याची, काळी खूण, कुठे बीड, म्हणजे वेल्डची रेघ, मध्येच फुगलेला, कुठे बारीक छिद्रं. दुधाच्या टाकीत हे खपत नाही. एखादी खाच राहिली तर ती सीआयपीच्या, म्हणजे टाकी न उघडता आतून होणाऱ्या, धुण्यातूनही सुटते आणि जिवाणूंची सोय होते. त्यामुळे गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर बॅटरी घेऊन आत उतरतो आणि प्रत्येक जॉइंटवरून बोट फिरवून बघतो.

हातमोज्यांचा विषय मालकांनी तक्रारीच्या सुरात काढला. "पोरांचे हात भाजतात म्हणून जाड ग्लोज आणावेत, तर पोरं घालत नाहीत. पातळ आणले तर आठवड्यात चिंध्या. आता तुम्हीच सांगा, किती जाड आणू?" स्टोअरच्या रजिस्टरात एकच नोंद होती: 'वेल्डिंग हँडग्लोज, लेदर, १४ इंची'. एमएसचे, म्हणजे साध्या पोलादाचे, स्टँड आर्कवर, म्हणजे जळत्या रॉडच्या वेल्डिंगवर, जोडणाऱ्याला तेच, गॅस कटिंगवाल्याला तेच आणि आर्गॉनवाल्यालाही तेच. सगळे एकाच मापाचे, सगळ्यात मोठ्या.

किती जाड, हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला होता. पण ते खुर्चीत बसून कळण्यासारखं नव्हतं, म्हणून काही दिवस मी वेल्डरच्या शेजारी स्टूल टाकून बसलो.

कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या वेल्डरला सगळे मामा म्हणतात. ते टाकीला नोझल, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, जोडत होते. पत्रा ३०४ जातीच्या स्टेनलेसचा, २ मिलिमीटर, करंट सत्तर अँपिअरच्या आसपास, फिलर, म्हणजे जॉइंटमध्ये वितळवून भरायची रॉड, ३०८एल जातीचा, १.६ मिलिमीटरचा. उजव्या हातात टॉर्च, म्हणजे टंगस्टन धरणारी वेल्डिंगची मूठ, आणि त्या हातावर स्टोअरचा जाड मोजा. डाव्या हातात फिलर, आणि त्या हातावर होजिअरीचा पांढरा सुती मोजा, तोही अंगठा आणि दोन बोटं कापलेला.

"मामा, तो लेदरचा डावा कुठंय?"

"हाय की, पेटीत. त्यानं रॉड सरकत न्हाई, साहेब."

रॉड सरकणं म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. टिगमध्ये फिलर आपोआप येत नाही. मीटरभर लांबीची रॉड बोटांच्या आधारावर आडवी ठेवायची आणि अंगठ्याने ती थोडी थोडी पुढे ढकलायची. मनगट आणि बाकीची बोटं जागच्या जागी. रॉडचं टोक कायम आर्गॉनच्या पडद्यात राहिलं पाहिजे: वितळलेल्या धातूच्या डबक्यात बुडवलं, किंचित मागे घेतलं, पुन्हा बुडवलं. जाड मोज्यात अंगठ्याला रॉड लागतच नाही. बोटाच्या टोकाला आतून दुहेरी शिवण असते, त्या शिवणीवर रॉड घरंगळते. मग वेल्डर अंगठा सोडून अख्खा हात पुढे-मागे करतो. टोक गॅसच्या बाहेर येतं, तापलेलं असल्यामुळे लगेच ऑक्साइड धरतं, आणि तेच ऑक्साइड पुन्हा डबक्यात जातं. हात लांबून येत असल्यामुळे कधी ते टोक टंगस्टनलाच भिडतं. बीड फुगणं आणि टंगस्टन टच होणं या दोन्ही गोष्टी निदान काही अंशी इथून येत होत्या. ज्या पोरांनी साहेबांच्या धाकाने दोन्ही मोजे इमानदारीने घातले होते, त्यांच्याच टेबलावर रिवर्क जास्त होतं. मामांचं काम सुबक होतं, पण त्याची किंमत त्यांचा डावा हात मोजत होता.

तो हात मी उजेडात धरून पाहिला. कापलेल्या मोज्यातून बाहेर राहिलेल्या बोटांची कातडी काळपट आणि सालपट निघालेली, मनगटावर बाही आणि मोजा यांच्यामधल्या उघड्या जागेचा तपकिरी पट्टा. आर्कच्या अतिनील किरणांनी हे होतं. टिगमध्ये धूर कमी असल्यामुळे आडोसा नसतो, आणि स्टेनलेसचा चकचकीत पत्रा ती किरणं परतवून हाताच्या खालच्या बाजूलाही मारतो. पातळ विरळ सुतातून ती आरपार जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगमधल्या अतिनील किरणांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे. मामांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा जॉइंट लावला.

उजव्या हाताचं दुखणं वेगळं होतं. टॉर्च पेनासारखी धरायची तर लिहिताना करंगळी कागदावर टेकते तशी इथे ती जॉबवर टेकते. त्याशिवाय टंगस्टनचं अंतर दोन-तीन मिलिमीटरवर स्थिर राहत नाही. म्हणजे करंगळीची बाहेरची कड आत्ताच झालेल्या वेल्डच्या शेजारून घासत जाते. त्यात स्टेनलेसचा स्वभाव असा की उष्णता पसरवायला तो फार आळशी. साध्या पोलादाच्या तुलनेत त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांश. वीतभर अंतरावर पत्रा हाताला सोसतो आणि बीडच्या कडेला मात्र बराच वेळ चटका राहतो. उजव्या मोज्यांची ती कड काळी, चकचकीत आणि लाकडासारखी कडक झालेली होती. क्रोमवर कमावलेलं कातडं भाजलं की आकसतं. आकसलं की बोटाला घट्ट बसतं, मधली हवेची पोकळी जाते आणि मग त्याच जाडीतून चटका लवकर पोचतो. मोजा दिसायला धड, पण कामातून गेलेला.

म्हणजे डाव्या हाताला हवं होतं बोटाचं ज्ञान, आणि उजव्याला हवा होता एकाच कडेला उष्णतेचा आडोसा. आर्कमध्ये किंवा मिगमध्ये, म्हणजे तार आपोआप येणाऱ्या वेल्डिंगमध्ये, असा भेद फारसा नसतो, तिथे दोन्ही हातांवर ठिणग्यांचा पाऊस असतो आणि जाड मोजा दोन्हीकडे शोभतो. टिगमध्ये ठिणग्या जवळपास नसतातच. ज्या धोक्यासाठी १४ इंची जाड मोजा बनला तो धोका या टेबलावर नव्हताच, आणि जो होता त्यावर तो मोजा फारसा चालत नव्हता.

एका तरुण वेल्डरची तक्रार मात्र या दोन्हीत बसेना. त्याची करंगळी ठीक होती, तळहात भाजत होता. त्याच्याकडे टाकीच्या पायांची आणि लिफ्टिंग लगची, म्हणजे टाकी उचलायच्या कड्यांची, जाड कामं होती, ६-८ मिलिमीटरची. करंट १७० च्या वर, आणि हातात डब्ल्यूपी-१७ टॉर्च. ही हवेवर थंड होणारी टॉर्च डीसीवर १५० अँपिअरपर्यंतची. ती सलग १७० वर चालवली की मूठच तापते. त्याने मोज्याच्या आत आणखी एक सुती मोजा घातला होता, बिचाऱ्याने. यावर मोज्यांत औषध नाही. त्या टेबलाला २०० अँपिअरची डब्ल्यूपी-२६ दिली आणि सलग जाड काम आलं तर पाण्यावर थंड होणारी टॉर्च घ्यावी असं मालकांना सुचवलं. हात भाजला की मोज्याला दोष देण्याआधी टॉर्चची पाटी वाचावी, एवढं मी हल्ली सगळीकडे सांगतो.

मोजे फाटण्याचं कारण शोधताना आणखी एक गोष्ट दिसली. आर्क बंद झाल्यावर वेल्डर त्याच मोज्यांनी तापलेला जॉब उचलत होते, क्लॅम्प सोडत होते, ग्राइंडर धरत होते. मोजे मरत होते ते बहुतेक इथे. नुकसान मोज्यापुरतंही नव्हतं. एमएसचे स्टँड घासलेला मोजा फिलरला लागला की लोखंडाची भुकटी स्टेनलेसवर जाते, आणि टाकी धुऊन उभी केली की काही दिवसांत तिथे गंजाचे ठिपके उठतात. मोज्यावरचं तेल फिलरला लागलं तर बीडमध्ये छिद्रं. इन्स्पेक्टरला सापडलेल्या छिद्रांपैकी काहींचा माग मला तरी तेलकट डाव्या मोज्यापर्यंत लागला.

मग बाजार. गाईचं किंवा म्हशीचं स्प्लिट लेदर, म्हणजे कातड्याचा वरचा गुळगुळीत थर काढून घेतल्यावर खाली राहणारा दोन्ही बाजूंनी लव असलेला थर. स्वस्त, जाड, कडक. आर्कला उत्तम. आपले नेहमीचे लाल-पिवळे मोजे ते हेच. शेळीचं ग्रेन लेदर पातळ असूनही चिवट असतं, मऊ असतं आणि घासाला टिकतं. टिगसाठी जगभर बहुतेक जण त्याच्याकडेच वळतात. हरणाच्या कातड्याची परदेशी वेल्डर फार तारीफ करतात, पण ते घासाला कच्चं, आणि आपल्याकडे हरणांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यामुळे मिळालंच तर आयातीचं आणि महाग. डुकराचं कातडं घाम चांगला सोसतं, पण ते हातात घालायला सगळे राजी होतील असं नाही, आणि कामाच्या जागी तो वाद कशाला. नायट्राइल किंवा पीयूचा लेप दिलेले विणलेले मोजे बोटाला छान बसतात. फिटरला द्यावेत, आर्कजवळ नकोत. लेप वितळून कातडीला चिकटतो.

आपल्याकडे कामाचे चामडी मोजे मोठ्या प्रमाणात कोलकात्यात बनतात आणि बरेचसे निर्यात होतात. त्यामुळे चांगला शेळीचा मोजा मिळत नाही ही सबब खरी नाही. मिळतो, फक्त दुकानदाराकडे 'आर्गॉन ग्लोज' म्हणून मागितलं तर तो कधी कधी पातळ स्प्लिट पुढे करतो.

मालकांना कागद हवा होता, म्हणून प्रमाणपत्राकडे वळलो. वेल्डरच्या मोज्यांसाठी युरोपचं ईएन १२४७७ हे मानक आहे. त्यात 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार. 'ए' संरक्षणाकडे झुकलेला, 'बी' बोटांच्या कौशल्याकडे, आणि टिगसाठी 'बी'च सुचवलेला आहे. आकडे बघितले की मालकांचा जाडीचा हट्ट सैल झाला. वितळलेल्या धातूचे बारीक थेंब 'ए'ने २५ सोसले पाहिजेत, 'बी'ने १५. पण तापलेल्या वस्तूला स्पर्श करण्याची किमान पातळी दोन्हींना एकच आहे, १०० अंशांवर १५ सेकंद. म्हणजे जाड 'ए' मोजा घातला म्हणून ताजा बीड धरायचा परवाना मिळत नाही. नुकत्याच विझलेल्या बीडची कड कित्येकशे अंशांवर असते. आणि कौशल्याची चाचणी अशी: मोजा घालून अर्ध्या मिनिटात तीन वेळा एक दांडी उचलायची. 'ए'ला ११ मिलिमीटर जाडीची दांडी उचलता आली तरी पास. 'बी'ला ६.५ मिलिमीटरची उचलावी लागते. मामांची फिलर रॉड १.६ ची. हे वाचून दाखवल्यावर मालक म्हणाले, "म्हणजे 'बी'सुद्धा पुरत नाही की." बरोबरच होतं. मानक खालची रेघ आखून देतं, रॉड सरकते की नाही ते बोटालाच विचारावं लागतं.

भारतीय मानकही आहे, आयएस ६९९४ चा पहिला भाग, चामडी आणि सुती सुरक्षा मोज्यांसाठी, पण तो मूळ १९७३ चा आणि सर्वसाधारण. टिगच्या वेल्डरला त्यातून फार मार्गदर्शन मिळत नाही.

तीन-चार प्रकारचे नमुने मागवले आणि स्टोअरमध्ये टेबलावर मांडले. पहिली परीक्षा फिलरची: मोजा घालून रॉड अंगठ्याने सरकवायची, हात न हलवता. अर्धे नमुने इथेच बाद. दुसरी शिवणीची. बोटाच्या टोकाशी शिवण कुठे येते ते मोजा उलटा करून बघितलं. तिसरी दोऱ्याची: एक टाका उसवून लायटरवर धरला. नायलॉन वितळून मणी होतो, सूत जळून राख होतं, अरॅमिडचा दोरा, म्हणजे बाजारातला केव्हलार, वितळत नाही, नुसता काळवंडतो. चामडं पक्कं आणि दोरा नायलॉनचा असा एक नमुना निघाला. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे, कारण उष्णतेत शिवण उघडली की चामड्याचा उपयोग नाही. त्याच लायटरवर कातड्याचा तुकडाही धरला. खरं चामडं केस जळल्यासारखं वासतं, रेक्झिन थेंब थेंब गळतं.

मापाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने सगळ्यात जास्त फरक पडला. तळहाताचा घेर टेपने मोजायचा, अंगठा सोडून. साधारण २०३ मिलिमीटर म्हणजे माप ८, २२९ म्हणजे ९, २५४ म्हणजे १०. स्टोअर सर्रास १० आणत होतं आणि बहुतेकांचे हात ८ किंवा ९ चे निघाले. अर्धा इंच रिकामं चामडं बोटापुढे लोंबत असेल तर जगातला सगळ्यात भारी मोजाही जाडच वाटणार. स्टोअरकीपरचं म्हणणं, "साहेब, मोठा सगळ्यांना होतो." होतो खरा.

शेवटी ठरलं ते असं. दोन्ही हातांना शेळीच्या ग्रेन लेदरचा, तळहाताला अस्तर नसलेला मोजा, अरॅमिड दोऱ्याचा, प्रत्येकाच्या मापाचा. मनगटावरचा पट्टा बाहीवर चढेल इतका लांब, म्हणजे तो तपकिरी पट्टा झाकला जाईल. उजव्या हाताला त्यावरून अरॅमिड आणि काचतंतूंची विणलेली बोटटोपी, जिला बाजारात टिग फिंगर म्हणतात. ती करंगळीवर चढवून जॉबवर टेकायची. झिजली की टोपी बदलायची, मोजा नाही. तीही सलग ताज्या बीडवर दाबून ठेवायची नाही, सरकती ठेवायची. आणि जुने जाड मोजे फेकायचे नाहीत: प्रत्येक टेबलाच्या कडेला एक जोडी हुकावर, फक्त गरम जॉब उचलायला. ग्राइंडिंगला वेगळे. टंगस्टनला टोक काढताना बेंच ग्राइंडरवर मोजा अजिबात नको, चाकाने मोजा ओढला की बोटही जातं. हा नियम पूर्वीपासून भिंतीवर होता, पाळत कोणी नव्हतं.

नव्या मोज्याची किंमत जुन्याच्या तिप्पट-चौपट. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना मी मोज्यांचा हिशोब दाखवलाच नाही, एका नापास नोझलचा दाखवला: ग्राइंड करून काढणं, पुन्हा आतून पर्ज करून, म्हणजे आत आर्गॉन भरून, वेल्ड, पुन्हा बफिंग, पुन्हा इन्स्पेक्टरची वाट. त्यापुढे मोज्यांची आख्खी पेटी स्वस्त.

आधी दोन टेबलांवर चालवून बघितलं. रॉड सरकू लागल्यावर टंगस्टन टच होण्याचं प्रमाण उघड कमी झालं. ते सगळं श्रेय मोज्यांना देता येत नाही, त्याच सुमारास फिलर पुसून वापरायची शिस्तही लावली होती. मामांनी आधी नाकच मुरडलं. मग एक दिवस स्टोअरमध्ये स्वतः येऊन दुसरी जोडी मागितली. कारण विचारलं तर म्हणाले, "घामानं भिजतोय. एक वाळतोय तवर दुसरा."

ही मागणी अगदी रास्त होती आणि आमच्या कागदावर सुटली होती. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये घामाने मोजा पिळून निघतो. ओल्या चामड्यातून चटका लवकर येतो आणि आतल्या ओलाव्याची वाफ होऊन पोळतं. शिवाय मानकात मोज्याने किमान एक लाख ओहम विद्युतरोध द्यावा असं आहे, ते कोरड्या मोज्याबद्दल. घामाने भिजलेला मोजा तेवढं देईल याची खात्री नाही. हाय फ्रिक्वेन्सीने, म्हणजे टंगस्टन न टेकवता उच्च दाबाच्या ठिणगीने, आर्क पेटवताना हाताला मुंग्या येतात असं पावसाळ्यात दोघे-तिघे सांगत होते, त्यात ओल्या मोज्याचाही वाटा असणार. म्हणून प्रत्येकाला दोन जोड्या, आलटून पालटून. वाळवायचे ते सावलीत, बोटं वर करून. तापलेल्या जॉबवर ठेवून वाळवले की शेळीचं चामडं पापडासारखं कडक होतं, हे पोरांनी पहिल्याच आठवड्यात सिद्ध केलं.

अडचण आली ती वेगळ्याच बाजूने. मोजे गायब होऊ लागले. मऊ, हाताला बेतलेले, लांब पट्ट्याचे. थंडीत पहाटे मोटारसायकलवर यायला यापेक्षा चांगलं काय? जाड लाल मोजा कधी कोणी घरी नेला नव्हता. मालक भडकले, मी मात्र ती मोजा चांगला असल्याची पावती धरली. उपाय साधा केला: प्रत्येक जोडीवर मनगटाला आतून पेनाने नाव आणि माप, आणि जुना जमा केल्याशिवाय नवा नाही.

जमा झालेले जुने मोजे पाहताना दोन्ही हातांची झीज आणखी स्पष्ट दिसली. डावा अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला जातो, उजवा करंगळीच्या कडेला. बोटटोपी आल्यापासून उजवा बराच जास्त टिकतो. त्यामुळे धड राहिलेले उजवे साठू लागले. पुरवठादाराला सुटे डावे मिळतील का विचारलं, तो हसला. स्टोअरकीपरने वाट काढली: कारखान्यात एक डावखुरा वेल्डर आहे, तो टॉर्च डाव्या हाताने धरतो आणि फिलर उजव्याने, त्याचे उजवे आधी जातात. साठलेले उजवे आता त्याला मिळतात.

एक काम या मोज्यात बसत नाही. अधूनमधून ॲल्युमिनियमची ऑर्डर येते. तिथे एसीवर करंट जास्त लागतो आणि ॲल्युमिनियम उष्णता इतक्या झपाट्याने पसरवतो की काही मिनिटांत अख्खा जॉब तापतो. नुसत्या करंगळीची टोपी तिथे पुरत नाही, हात टेकवायला थंड जागाच उरत नाही. त्या टेबलासाठी पाठीला आणि तळहाताच्या कडेला पातळ अस्तर असलेला शेळीचाच मोजा उजव्या हाताला ठेवला आहे, आणि हात टेकायला जॉबपासून सुटी उभी केलेली लाकडी पट्टी. डावा तोच, बिनअस्तराचा. तिथे फिलर बहुधा २.४ चा असतो, तो अंगठ्याखाली आणखी सोपा जातो.